वासंतीच्या सहीशिवाय घर नको

प्रिय आई,

होतीस सासू, पण आईच लिहिते. नवी नवरी असताना मी ‘तुम्ही, तुम्ही’ करायचे, तर तूच ओरडलीस, “दोघींनी मिळून एक टोपली उचलायची, आणि तुमी कसलं गं!”

आज पालघरच्या कचेरीत घराचा कागद झाला. शिरगावचं घर. कौलारू, मागे विहीर, पाच माड, आणि बोंबील वाळवायला हे एवढं अंगण! पेढे वाटले, अर्ध्या सातपाटीला सांगून झालं, आणि जिला पहिलं सांगायचं तीच नाही. म्हणून ही चौथी पास बाई पेन घेऊन बसली आहे. हसू नकोस.

बोईसरचं घर आठवतं? तुझ्या लेकाला तारापूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मला तिथे घर घ्यायची घाई झाली. दलाल म्हणाला, “माताजी, एक नंबर मकान है.” तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. सरळ गेलीस आणि भिंतीवरचं कॅलेंडर उचललंस. मागे ही एवढी ओल! “पापलेट घेताना कल्ला उघडून बघतेस ना? मग घराचा कोण बघणार?” तिथून निघून नळावरच्या बायकांत जाऊन बसलीस. पाणी किती दिवसांनी येतं, शेजारी कोण पिऊन दंगा करतो, आधीचे भाडेकरू का पळाले, सगळं पदरात बांधून आणलंस. आणि म्हणालीस, “नको.”

मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. पुढे त्या घरात राहायला गेलेली बाई मला बाजारात भेटली. तिच्या साडीला बुरशीचा वास येत होता. हे तुला मी कधी सांगितलं नाही. कशाला सांगू? डोक्यावर बसली असतीस! आता सांगते, तुझं बरोबर होतं.

सगळंच बरोबर नव्हतं हां. दारात जांभूळ आहे, त्यावर भूत असणार, म्हणून तू एक चांगलं घर सोडायला लावलंस. ते अजून ठणठणीत उभं आहे, आणि भुतासकट सगळी मजेत आहेत.

हे शिरगावचं घर बाळूभाऊंचं. ते मला अष्टमीला बोलावत होते. “आजच ये, दुसरं गिऱ्हाईक हाय.” अष्टमीला! तेव्हा भांगाचं पाणी, भरती चढतच नाही, खाडीतच लोळते. त्या दिवशी कोणाचंही घर कोरडंच दिसणार. मी म्हटलं, “अवसेला येते.” अवसेच्या दुपारी भाकरी आणि सुकट घेऊन त्यांच्या पायरीवर जाऊन बसले. उधाणाचं पाणी चढलं, वाडीच्या बांधापाशी आलं, थांबलं, मागे फिरलं. तेव्हा मी उठले. तुझा लेक लाजून विहिरीच्या पलीकडे जाऊन उभा होता.

मग सातबारा मागितला. मी बोट ठेवून वाचते, वेळ लागतो, पण वाचते. बापाच्या मागे नावं दोन निघाली. बाळूभाऊ आणि त्यांची बहीण वासंती.

“वासंतीची सही?”

“तिला एडवणला देऊन वीस वर्षं झाली. लग्नात सगळं दिलंय. ती कशाला अडवंल?”

“अडवणार नाय, तर सही द्यायला काय झालं?”

“अगो बाय, तिचा अंगठा मी आणतो की! भाऊबीजेला जातोच हाय.”

आई, भाऊबीज आणि अंगठा हे दोन शब्द एकत्र ऐकले आणि माझ्या कानात तुझा आवाज आला. कोलंबी सोलता सोलता तू एकदाच सांगितलं होतंस. तुझे भाऊ भाऊबीजेला साडी घेऊन आले, रेशनचा कागद म्हणाले, तू अंगठा उठवलास. पुढे माहेरचं घर विकलेलं तुला गल्लीतल्या बाईकडून कळलं. ती साडी तू कधी नेसली नाहीस. माहेरी परत गेली नाहीस. का गं भांडली नाहीस? बाजारात एका बोंबलासाठी भांडायचीस!

बाळूभाऊ म्हणाले, आठ दिवसांत नाही तर दुसऱ्याला देतो. तुझा लेक कळवळला, “हातचं घर घालवशील. अठरा वर्षं दुसऱ्याच्या अंगणात मासळी वाळवतेस, कंटाळली नायस का?” कंटाळले होते रे बाबा! पण दुसऱ्या दिवशी बोंबलांची गाठोडी घेऊन एडवणच्या एसटीत बसले.

वासंतीने चहा ठेवला. आणि मी काय केलं? आपली बाजारातली खोड! माल घ्यायचा तर आधी नावं ठेवायची. “घर कसलं, कौलं फुटकी, चुलीची भिंत तर काळीकुट्ट.” तिने चहाखालचा जाळ बारीक केला. मग म्हणाली, “ती भिंत माझ्या आयशीच्या चुलीनं काळी झालीय.”

मी जीभ चावली! आयुष्यात पहिल्यांदा. घर म्हणजे पापलेट नव्हे, विकणाऱ्याचा जीव त्यात असतो, हे तू मला शिकवलं नाहीस, आई.

“बाळूनं पाठवलं तुला?”

“नाय. त्याला म्हाईत पण नाय.”

“मग का आलीस?”

मग मी तिला तुझ्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. तिने पदर डोळ्यांना लावला, आणि पुढच्याच क्षणी कंबर कसली. “फुकट सही करायची नाय मी. बाळू माझा हिस्सा माझ्या हातात देईल. आणि विहिरीजवळचा माड माझ्या आयशीनं लावलाय, तो तू तोडायचा नाय. नारळी पुनवेला मी नारळ घ्यायला येणार.” मी म्हटलं, “एक नाय, पोतंभर ने.”

बाळूभाऊ आधी फणफणले. पण वासंती स्वतःच एसटीने येऊन अंगणात उभी राहिली, तशी त्यांची मान खाली गेली, हिस्सा द्यायला कबूल झाले. आज कचेरीत ती हिरवी साडी नेसून आली होती. कारकून घाई करत होता, तर म्हणते, “थांबा सायेब, कागद वाचूनच करणार.” मग एकेक अक्षर सावकाश काढलं. तिच्या खाली तुझ्या लेकाची सही, आणि त्याच्या शेजारी माझी. हो, घर दोघांच्या नावावर! तुझा लेक आपणहून म्हणाला. इतकं शहाणपण त्याला कुठून आलं, ते तूच सांग.

चुलीची भिंत मी चुन्याने रंगवणार नाही. आणि नारळी पुनवेला वासंती येईल तेव्हा तिला पाटावर बसवून ओटी भरीन, साडी नेसवीन, माघारी जाताना बांधापर्यंत पोचवीन. तुझी ओटी तुझ्या माहेरात भरायची राहिली, ती या घरात दर वर्षी भरली जाईल. शब्द देते.

तुझी तोंडाळ सून,
हिरा