लाल शाईचा डाग

चिमीच्या बाबांना नमस्कार.

मी ठणठणीत आहे. हॉटेलातल्या चादरी धुऊन हात तेवढे सोलवटलेत, पण जेवण वेळेवर मिळतं. तुमचा खोकला कसा आहे? दुकानात मफलर गुंडाळून बसता ना?

हे फोनवर बोलले असते, तर गिऱ्हाइकासमोर तुम्ही "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय.

रविवारी चिमीने फोनवर विचारलं, "आई, स्कर्टवरचा लाल शाईचा डाग कशाने जातो?" मी आपली धोबिणीच्या तोऱ्यात सांगत सुटले, गार पाणी घे, साबण लाव, गरम पाणी अजिबात नको. काल चादरी भिजवताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाल पेन मास्तर वापरतात, पोरं नाही. अहो, तिला पाळी आली असणार. आत्ता कुठे अकरा पूर्ण झालीत! सुट्टीत आले की जवळ बसवून सगळं सांगेन म्हणत होते, ते राहूनच गेलं. एकटी किती घाबरली असेल!

आता लाजत बसू नका. औषधाच्या दुकानातून पॅड आणा आणि स्वतः तिच्या हातात द्या. हा आजार नाही, आईलाही येते, एवढं तरी बोला. पोट दुखलं तर शेकायला पिशवी द्या. शेजारणीच्या गळ्यात घालून मोकळे होऊ नका.

खालचं तिला वाचायला द्या.

चिमे, तो डाग नाही गेला तरी चालेल गं. फोन कर. या खेपेला मी आधी तुझं ऐकेन.

आई