‘अहो’ नावाचे गृहस्थ हरवले आहेत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (‘साष्टांग’ हा शब्द मी आजवर केवळ रीत म्हणून लिहीत आलो. परवा शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि आठही अंगं एकाच वेळी ओल्या वाळूला टेकली. तेव्हा उठण्यापूर्वी तुझं घर कोणत्या दिशेला असावं याचा अंदाज घेतला आणि तो नमस्कार तुला अर्पण केला. म्हणजे हा शब्द आज प्रथमच खरा आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतानाच वाजतो की आता उतरतानाही? भावोजींचा खोकला त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गेला असेल आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे वाढला असेल, असं धरून चालतो. दोघांनीही औषधं वेळच्या वेळी घ्यावीत. ज्या माणसाला गेले चार दिवस घड्याळ घालायची बंदी आहे त्याच्याकडून ही सूचना येते आहे, तेव्हा तिचं मोल जाणावं.

बंदी अर्थात तुझीच. फोनवर तू जे बजावलंस ते मला मुखोद्गत आहे: काही ठरवू नका, उठा आणि समुद्रावर जा, चार दिवस निवांत राहा, पोर मोकळी झाली की आपोआप तुला बाबा म्हणेल. तुझा सल्ला मी आठ महिन्यांपूर्वीही मानला होता. त्यामुळे पन्नाशीला टेकलेल्या, सव्वीस वर्षं शाळेत पोरांकडून रूपं घोकून घेणाऱ्या एका ब्रह्मचाऱ्याला बायको मिळाली आणि बायकोबरोबर साडेचार वर्षांची तयार मुलगीही मिळाली. तो सल्ला उत्तम निघाला, म्हणून हाही मानला. पण ताई, तुला ‘आपोआप’ या शब्दावर जितका भरवसा आहे तितका मला नाही. माझ्या वर्गात आपोआप काही घडलेलं मी पाहिलं नाही, फक्त तास संपल्यावर वर्ग रिकामा होतो तेवढाच.

आमच्या मुंगीची अडचण तुला पुरती माहीत नाही, म्हणून सांगतो. (तिला मुंगी म्हणतात, कारण ती कायम स्वतःपेक्षा मोठी वस्तू कुठून तरी कुठे तरी नेत असते.) तिचे वडील ती अंगावर पीत असतानाच गेले. त्यांचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे आणि रोज शाळेत जाताना ती त्याला ‘बाबा, येते हं’ असं सांगून निघते. ते पद भरलेलं आहे, त्यावर माझा डोळा नाही. प्रश्न एवढाच की मग मी कोण? तुझ्या भावजयीने लग्नानंतर आठवडाभर मला नावाने हाक मारून पाहिली, पण आईवडिलांनी माझं नाव पाच अक्षरी ठेवलंय, आणि पाचव्या अक्षरापर्यंत दूध उतू जातं. शेवटी ती बाकीच्या जगासारखी ‘अहो’वर आली. मुंगीने ते ऐकलं आणि तीही ‘अहो’ म्हणू लागली. घरात हे खपून गेलं. बाहेर मात्र गुडघ्याएवढी पोर भर दुकानात ‘अहो, पिशवी घेतलीत का?’ विचारते तेव्हा लोक आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे आणि मग शेजारच्या पोलिसाकडे बघतात.

लोकांचं सोड. मला अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. ‘अहो’ हा शब्द बायको नवऱ्याला म्हणते हे खरं, पण रांगेतला माणूस पुढच्या अनोळखी माणसालाही तोच म्हणतो: ‘अहो, जरा सरकता का?’ ही मला यांतल्या कोणत्या अर्थाने म्हणते? व्याकरणात तर हे अव्यय आहे. त्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही, वाक्यात कोणाशी नातं नाही. आपलं एका कडेला उभं असतं. माझी त्या घरातली जागा याहून अचूक कोणी सांगितली नसती.

असो. तर तुझ्या आज्ञेप्रमाणे काहीही न ठरवता निघालो. काही न ठरवता निघालेल्या माणसाला जगात सगळं आधीच ठरलेलं सापडतं. पहिलं लॉज भरलेलं, दुसरं भरलेलं, तिसऱ्याच्या मालकाने तर दार न उघडताच आतून ‘नाही’ सांगितलं. (आम्ही काय विचारणार हे त्यानेही ठरवून ठेवलं होतं.) अखेर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपच्या माडीवर खोली मिळाली. मालकीणबाईंनी खिडकी उघडून ‘इथनं समुद्र ऐकू येतो’ असं अभिमानाने सांगितलं. येतो. खालचा मिस्त्री जेवायला गेला की अर्धा तास येतो. खोलीत दीड पलंग आहे. अर्ध्यावर मी झोपतो.

आणि निवांत! ताई, हा शब्द तू इतक्या सहज वापरलास, पण त्याचं मूळ ‘निवात’. निवात म्हणजे जिथे वारा नाही असं ठिकाण. समुद्रकिनाऱ्यावर निवांत राहा असं सांगणं म्हणजे विहिरीत कोरडा राहा असं सांगणं. पहिल्याच सकाळी माझी टोपी गेली, मग वर्तमानपत्राचं मधलं पान गेलं, मग ते परत आणायला मी गेलो. किनाऱ्यावर माणसं कशी पडून होती म्हणतेस! जणू कोणी वरून सांडून ठेवली होती. तुझी भावजय तर चटई अंथरली की तिसऱ्या मिनिटाला झोपते. (इस्पितळात दिवसभर लोकांना भूल देणारी डॉक्टर ती, थोडी स्वतःसाठी राखून ठेवत असावी असा माझा वहीम आहे.) मी मात्र बसलो की उठतो, उठलो की सावली शोधतो, आणि सावली सापडली की ती सरकते.

एक कबुली देतो. दुसऱ्या दिवशी माझ्या वहीत हिला एक पान सापडलं: ‘सात ते आठ, अनियोजित फिरणे. आठ ते साडेआठ, वाळूत सहज बसणे. साडेआठ, मुलीशी उत्स्फूर्त संवाद.’ तिने ते मोठ्याने वाचलं आणि इतकी हसली की खालच्या मिस्त्रीने पाना खाली ठेवला. मी तिला समजावलं की ज्याचा अभाव दाखवायचा ती वस्तू आधी ठाऊक असावी लागते, घडाच माहीत नसेल तर ‘इथे घडा नाही’ असं म्हणता येत नाही. तद्वत नियोजन केल्याशिवाय ते नाही हे कळणार कसं? यावर ती म्हणाली, ‘अहो, वही द्या इकडे.’ वही गेली. घड्याळ आदल्या दिवशीच गेलं होतं.

उत्स्फूर्त संवादाचंही ऐक. मी वाळूचा किल्ला करायला घेतला. बुरूज चारही सारखे हवेत म्हणून काडीने मोजत होतो. मुंगी शेजारी बसून तिच्या लाल बादलीतून पाणी आणून एका खड्ड्यात ओतत होती, ते जिरत होतं आणि ती पुन्हा आणत होती. अशा चाळीसेक खेपा झाल्यावर मी तिला विचारलं की पाणी राहत नाही, मग कशाला ओततेस? ती म्हणाली, ‘त्याला तहान लागलीय.’ मी पुन्हा काडीने बुरूज मोजू लागलो. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, ‘अहो, तुम्ही आमच्याकडे किती दिवस आहात?’

ताई, मी चार बुरुजांपैकी एक उगाचच पाडला आणि पुन्हा बांधला. मग म्हणालो, आता कायमच. ‘बरं,’ म्हणाली आणि पाण्याला गेली. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबालाही आम्ही याहून जास्त जिव्हाळ्याने निरोप देतो.

कालची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. किनाऱ्याच्या पार टोकाला मच्छीमारांच्या सोसायटीचं ऑफिस आहे आणि त्याच्या भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता लावलाय, असं मिस्त्रीकडून कळलं. महिनाभराचा, तारीखवार, मिनिटासकट! चार दिवस उपाशी माणसाला भरलं ताट दिसावं तसं मला झालं. या अख्ख्या निवांत मुलखात वेळापत्रकाने चालणारा एक तरी प्राणी आहे, आणि तो खुद्द समुद्र! ही चटईवर झोपली होती, मुंगी खड्ड्याला पाणी पाजत होती. म्हटलं पाच मिनिटांत येतो. म्हटलं म्हणजे मनात म्हटलं. ऑफिसातले कारकून सज्जन निघाले; भरती रोज पाऊण तासाने का सरकते हे त्यांनी मला तीनदा समजावलं आणि मी त्यांना ‘वेला’ या शब्दाचे अर्थ सांगितले. काळाला वेला आणि समुद्राच्या काठालाही वेला! आम्ही दोघं या विचाराने सद्गदित झालो असताना बाहेर किनाऱ्यावर भोंगा खरखरला.

इकडे काय झालं ते मला मागाहून जीवरक्षकाने साभिनय सांगितलं. मुंगीने मान वर केली तर मी नाही. आईला उठवायचं नाही हा तिच्या घरचा नियम (रात्रपाळीवाल्या आईची मुलं लवकर शहाणी होतात), म्हणून बादली घेऊन ती थेट त्याच्या मचाणाखाली गेली आणि म्हणाली, ‘अहो हरवलेत.’

तो म्हणाला, ‘हो बाळ, ऐकतोय. कोण हरवलंय?’

‘अहो.’

‘अगं हो, पण कोण?’

‘अहो!’

‘मला नको हाक मारूस, मी इथेच आहे. हरवलंय कोण ते सांग.’

असं बरंच चाललं म्हणे. शेवटी त्याने वर्णन विचारलं. वर्णन असं: चष्मा आहे, सावलीत बसतात, आणि प्रत्येकाला काहीतरी विचारतात. एवढ्यावर त्या बिचाऱ्याने भोंगा तोंडाला लावला आणि सबंध किनाऱ्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं की ‘अहो’ नावाचे गृहस्थ हरवले आहेत, अहो जिथे असतील तिथून त्यांनी ताबडतोब मचाणापाशी यावं, त्यांची वाट बघतायत.

ताई, मी पळत येताना जे पाहिलं ते विसरणार नाही. किनाऱ्यावर जितके म्हणून नवरे पहुडले होते ते सगळे उठून उभे होते. काहींच्या बायका शेजारीच बसलेल्या, तरी ते उभे! काहींनी न विचारताच ‘मी कुठे काय केलं?’ असा चेहरा केला होता. एक जण तर पाण्यातून हात वर करून येत होता. मचाणापाशी पाच-सहा प्रौढ गृहस्थ रांगेत उभे, आणि मुंगी बादली धरून त्यांच्यासमोरून चालतेय, प्रत्येकाला खालून वर निरखतेय आणि सांगतेय: हे नाहीत. हेही नाहीत. हे तर मुळीच नाहीत.

मी एका पायात चप्पल, एक हातात, अशा अवस्थेत पोचलो. जीवरक्षकाने विचारलं, ‘हे का गं?’ तिने मला नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, ‘हो. हे माझे अहो.’ आणि माझ्याकडे वळून, ‘सांगून जायचं असतं,’ असं म्हणत माझं एक बोट धरलं. पकड घट्ट होती. चटईपाशी पोचेपर्यंत तिने ती सोडली नाही.

माझे अहो! मी सव्वीस वर्षं मुलांना शिकवतोय की अव्ययाला विभक्ती नसते, त्याच्यामागे ‘माझे’ लागत नाही. काल ते लागलेलं ऐकलं. शिवाय षष्ठीच. बाकीच्या विभक्ती क्रियेला चिकटतात. कोणी काहीतरी करावं लागतं, द्यावं लागतं, कुठून तरी यावं लागतं. षष्ठीचं क्रियेशी काम नसतं, नुसतं नातं असतं. मी बुरूज मोजत बसलो होतो, आणि तिला त्यातलं काहीच नको होतं. तिला मी फक्त जागेवर हवा होतो. आता तिने मला बाबा म्हणावं अशी माझी इच्छा उरलेली नाही. तो शब्द ज्यांचा आहे त्यांचा राहो. माझा मला मिळाला.

उद्या निघतो. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
ढब्बू

ता. क. वरचं पत्र हिने वाचलं. तिचं म्हणणं, इतकं हुरळून जाऊ नये. मुंगी बादलीलाही ‘माझी’ म्हणते आणि मेलेल्या खेकड्यालाही ‘माझा’ म्हणत होती. खेकड्याचं मी मनावर घेत नाही. बादली ती उशाशी घेऊन झोपते.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे एवढं लांबण लावलं ते एका विनंतीसाठी. पुढच्या आठवड्यात तू पंधरा दिवस आमच्याकडे यायची आहेस. पोर जे ऐकते तेच म्हणते, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. तेव्हा तिच्यासमोर तू मला लहानपणीच्या त्या नावाने कृपा करून हाक मारू नकोस. ‘अरे’ चालेल, ‘मास्तर’ चालेल, पाच अक्षरी नाव घेतलंस तर तुझ्यासाठी दुधाकडे मी बघेन. एवढ्या कष्टांनी ‘माझे अहो’ झालोय. तुझ्या एका हाकेने सगळं पाण्यात जाईल.

ता. क. तिसरा. वरच्या विनंतीचा विचार करू नकोस. पत्राखाली मी सवयीने सही केली होती आणि हिने ती मोठ्याने वाचली. खालच्या अंगणातून मुंगीची हाक येतेय: ‘अहो ढब्बू, चला ना!’ आदरार्थी बहुवचन अजून शाबूत आहे. जातो.