दुप्पट पगार नको, गुरुवार हवा

ठमे,

तुला उठवलं नाही. इतक्या महिन्यांनी घरी आलीस आणि लहानपणीसारखी आडवीतिडवी झोपली होतीस, बघतच राहिले.

आजच्या सुट्टीला यंदा घरी राहायची पाळी माझी होती. पण वॉर्डातल्या एका सिस्टरचं बाळ तापानं फणफणलंय. इन्चार्ज बाईंचा फोन आला आणि माझ्या तोंडून "येते" निघून गेलं. रागावू नकोस.

सुट्टीच्या दिवशी ड्युटी केली की दुप्पट पगार मिळतो, नाहीतर बदली रजा. दरवर्षी मी पगारच घेते. आज मात्र सांगून टाकलं, "या वेळी रजाच द्या, लेक आलीये." त्या म्हणाल्या, "देते हो, पण गुरुवारच्या आधी माझ्याकडे माणूसच नाही."

तुझी गाडी बुधवारची. एक दिवस थांबता येतंय का, बघ ना. काही खास करायचं नाही, नुसतं लोळत पडू. तू बोल, मी ऐकेन.

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

थांबायला जमणार नसेल तर फोनवर सांगू नकोस. संध्याकाळी मी आल्यावर समोर बसून सांग.

आई