बंदरावर अडकलेला सुळा

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
वाइबुरा बंदर चौकी, आदोनारा बेट.

विषय : होडीतून उतरवून घेतलेला हस्तिदंत मुक्कामी पोहोचू देण्याबाबत.
संदर्भ : आपली जप्ती पावती क्र. ३१, दि. २ जून.

महोदय,

१. कृपया क्षणभर कल्पना करावी की आपण पुन्हा तिसरीच्या वर्गात बसला आहात. (आपण खरोखरच बसला होतात, खिडकीकडून दुसऱ्या बाकावर.) फळ्यावर खडूने हत्ती काढला आहे आणि त्याच्या तोंडाशी टेबलावर खरा सुळा ठेवला आहे. या बेटावर हत्ती कधीच नव्हता, त्यामुळे उरलेला हत्ती मुलांनी समजून घ्यावा, अशी माझी पद्धत होती. आपण जप्त केलेला सुळा तोच.

२. पावतीत "हत्ती कोठे मारला?" असा रकाना आहे. उत्तर देता येत नाही. हा सुळा गलबतवाल्यांनी माझ्या पणजोबांच्याही आधी चंदनाच्या बदल्यात आणला. हत्तीची आमच्यापैकी कोणाशी गाठ पडलेली नाही. हस्तिदंत दाट असतो, करवतीला अडत नाही आणि घासला की लोण्यासारखा दिसतो. म्हणून इतर मुलखांत त्याच्या फण्या, सुऱ्यांच्या मुठी आणि सोंगट्या झाल्या. आम्ही त्याचा कपचाही काढत नाही. खोबरेल लावून ठेवतो आणि सून आली की तिच्या माहेरी देतो. ते तो पुढे आपल्या सुनेच्या माहेरी देतात. या एका सुळ्यावर माझ्या माहितीत सहा लग्ने झाली आहेत.

३. माझा मुलगा तोकान याचे लग्न आठ वर्षांपूर्वी झाले. तेव्हा सुळा दुसऱ्या घरी होता. फिरत फिरत तो यंदा आमच्याकडे परतला आणि होडीने सुनेच्या माहेरी नेताना आपण उतरवून घेतला. तो सुनेच्या माहेरी पोहोचेपर्यंत माझी नात पेनी (वय ७) आईच्या कुळाची धरली जाते. दहा जुलैपर्यंत शाळेत तिचे नाव कुळासह घालायचे आहे. सुळा पोहोचला नाही, तर ती मामाच्या कुळावर लिहिली जाईल व डोंगरापलीकडे त्यांच्या गावी राहायला जाईल. गेली दोन वर्षे तिला संध्याकाळी अक्षरे मी शिकवतो, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

४. तडजोड म्हणून मी आपली पावतीच पेनीचे मामा बोली यांच्याकडे नेली. सुळा हातावर धरून मोजतात. हा बोटांच्या टोकापासून छातीच्या मध्यापर्यंत येतो. बोलींनी पावती हातावर ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, ही तर मनगटापर्यंत पण येत नाही. एवढ्यावर पोरगी नेता होय?" घरातल्या बायका बराच वेळ हसत होत्या. पावतीतले सेंटिमीटर त्यांनी मानले नाहीत, कारण सेंटिमीटर कोणाच्या खांद्याला जोडलेला नसतो. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते.

५. आपल्या कार्यालयातील बारेकबाईंनी सांगितले की मालकाने नमुन्यावर सही केल्यास विचार होईल. परंतु घराबाहेर काढताना सुपारी ठेवून आम्ही सुळ्याला निरोप दिला. तेव्हापासून तो आमचा नाही. मामा हातावर मोजून घेईपर्यंत तो त्यांचाही नाही. खोटी सही करणे शिक्षकाला शोभत नाही. यावर बाईंनी विचारले, "मग बेवारस लिहू का, गुरुजी?" बेवारस माल तीस दिवसांनी जाळायला पाठवतात, असेही कळले. म्हणजे दोन जुलैला.

६. पेनी माझ्यासोबत होती. बेवारस म्हणजे काय, असे तिने विचारले. ज्याचं कोणी नाही ते, असे मी सांगितले. तिने बाईंच्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि मालकाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. कुळाच्या नावापुरती जागा तिने पुढे मोकळी सोडली आहे. ती नोंद पुसू नये, एवढीच विनंती.

आपला पूर्वीचा शिक्षक व आजचा अर्जदार,
बर्नार्दुस कोपोंग
दि. १४ जून

सोबत : मालकाची नोंद असलेला नमुना, पेन्सिलीतील.