मुहूर्ताचा रिकामा ट्रक

देवास, मंगळवार, नोव्हेंबर १९८७

क्रमाने लिहिते. पंपांच्या या कारखान्यातून माल बाहेर जाण्याची संपूर्ण रीत मी गणिताच्या काटेकोर नियमभाषेत मांडली. प्रत्येक नियम रवानगीप्रमुख जोशींना वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली. त्या नियमांवरून संगणकावर चाचणीचा नमुना तयार केला. आज व्यवस्थापकांसमोर त्यात कालचीच एक रवानगी चालवली, आणि बदनावर गावच्या व्यापाऱ्याच्या ट्रकवर नमुना अडला: पंपांच्या तपासणीआधीच ट्रक फाटकाबाहेर!

जोशी म्हणाले, "अहो मॅडम, मुहूर्त होता ना! नारळ फोडून रिकामा ट्रक बाहेर काढायचा, मग आत आणून पंप भरायचे. नेहमीचंच आहे. तुमच्या मशीनला जरा पंचांग शिकवा की!"

सगळे हसले. व्यवस्थापक म्हणाले, "तपासणीची अटच काढून टाका. सोमवारी ही संगणकाची पद्धत सुरू करू."

काढून टाका! म्हणजे न तपासलेला पंपही फाटक ओलांडणार, आणि नियम अचूक असल्याच्या प्रमाणपत्राखाली सही माझी. नियमांच्या गणिती सिद्धतेत चूक नाही, ती पुन्हा पडताळली. मग तो रिकामा ट्रक मला आधी का दिसला नाही? जोशींना इतके प्रश्न विचारले, पण स्वतः फाटकाशी जाऊन उभे राहणे मात्र... सुचलेच नाही.

रिकाम्या ट्रकसाठी स्वतंत्र नियम मी लिहीन. तपासणीची अट काढणार नाही. व्यवस्थापकांना ती काढायचीच असेल, तर त्यांनी तसे स्वतःच्या सहीने कळवावे. सोमवारपूर्वी मला उत्तर हवे, आणि ते लेखीच हवे.