तीन पदरी पट्टी

प्रिय ठिणगी,

तुझं पत्र मिळालं. सोमवारी तुझी चौकशी आहे आणि वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाई अजून लेखी माफीवर अडून आहेत, हे कळलं. कापलेल्या पट्ट्या तुझ्याकडे आहेत, पण तू त्या दाखवणार नाहीस, कारण विचारू नका, असंही लिहिलंस. सहा म्हाताऱ्यांना दिवसभर खाटेला बांधलेलं पाहून तू त्यांच्या पट्ट्या कापल्यास आणि बाईंवर ओरडलीस, तेव्हा मी फोनवर तुला बराच उपदेश पाजला होता. ख्रिस्ती माणसाला राग शोभत नाही, नर्सला तर मुळीच नाही, माफी लिही आणि मोकळी हो. तू मुकाट ऐकून घेतलंस. तुझ्यासारखी तोंडाळ मुलगी गप्प बसली, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

इकडे ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, माग कुरकुरतो, दोघांना एकाच डब्यातलं तेल चालतं. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी मंदिरातल्या व्यापाऱ्यांना प्रभूने हाकललं, ती गोष्ट घेतली. प्रभूचा संताप एकदम उसळला, असं म्हणाले. पाळकसाहेबांनी कधी दोरी वळलेली दिसत नाही. त्यांना हाकलायचा कोरडा, म्हणजे दोरीचा चाबूक, प्रभूने स्वतः वळला होता. दोऱ्या गोळा करायच्या, पीळ द्यायचा, टोक बांधायचं. हात बसलेल्या माणसालाही अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात डोक्यातली तिडीक उतरते. जो राग उतरत नाही, तो कुणाचे तरी हाल बघवत नाहीत म्हणून आलेला असतो. तूही कात्री आणायला दोन मजले उतरून परत चढली होतीस.

मंगळवारी मी तुझ्या वृद्धाश्रमात गेलो होतो. तुझ्या वतीने माफी मागून टाकावी, असा बेत होता. बाई जेवायला गेल्या होत्या, म्हणून वॉर्डात थांबलो. खिडकीजवळच्या आजींना पुन्हा बांधलं होतं. पांढरी सुती पट्टी, तीन पदरी, काठाला दुमडून दुहेरी टाका. तो टाका तुझ्या आजोबांनी मला शिकवला आणि मी तुला. गेल्या वर्षी बाईंनी पडद्यांसाठी म्हणून माझ्याकडून चाळीस पट्ट्या करून घेतल्या होत्या. इतके पडदे आहेत कुठे, हे मी विचारलं नव्हतं. आजींच्या मनगटावर वळ उठला होता. माझी वीण घट्ट असते. मी पट्टी सोडवून खिशात घातली. माफी मागायची राहूनच गेली.

तू तो टाका पहिल्याच दिवशी ओळखला असणार. पट्ट्या दाखवल्या तर बापाचं नाव येईल, म्हणून नोकरी घालवायला निघालीस. राग त्या म्हाताऱ्यांसाठी केलास आणि दया माझ्यावर. मला लाज वाटते, आणि तुझा अभिमानही वाटतो. आता माझ्यावरची दया पुरे. सोमवारी चौकशीला त्या सहाही पट्ट्या घेऊन ये. कुणी विणल्या असं विचारलं, तर माझ्याकडे बोट दाखव. मी समोरच बसलेला असेन, सातवी पट्टी घेऊन.

तुझाच,
बाबा