सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा

प्रिय मिथुन,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प राहतोस. शेवटी म्हटलं, कागदावर लिहू. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे सौरभने तुला सांगितलंच असेल, तेव्हा सांभाळून घे. मला तुझी काळजी वाटते आहे आणि ती मी आज झाकून ठेवणार नाही. माझ्या भावाच्या वेळी आम्ही सगळी शहाणी माणसं काळजी झाकून बसलो. तो गेला, आणि आता झाकायलाही काही उरलं नाही.

कांदिवलीला घरी तसं सगळं ठीक म्हणायचं. बिल्डिंगमध्ये सौरभला हार्ट अटॅक आला, हेच अजून चालू आहे. चोविसाव्या वर्षी हार्ट अटॅक, आणि समोरच्या काकू मान डोलावून म्हणतात, हल्लीची पोरं बाहेरचं खातात ना! आई सुरुवातीला हो हो करायची. परवा लिफ्टमध्ये पुन्हा तेच ऐकल्यावर ती म्हणाली, बाहेरचं नाही खाल्लं हो त्याने, घरातलंच बाधलं. काकूंना काही कळलं नाही. आई घरी येऊन तांदूळ निवडायला बसली आणि खूप रडली. बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. वाईट वाटलं की आवाज वाढवायचा, एवढंच त्यांना येतं.

तुला त्या गाऱ्हाण्याचं सांगायचं आहे. मागच्या वर्षी तू आमच्याकडे गणपतीला आलास. तुमच्या घरी गणपती नाही, तुझ्या भाऊराव काकांना कळलं असतं तर गोवंडीच्या घरी तुझी चंपी झाली असती, तरी आलास. सौरभचा मित्र म्हणून दाराजवळ उभा राहिलास. आरती झाल्यावर बाबांनी आमच्या कोकणातल्या रीतीप्रमाणे गाऱ्हाणं घातलं. घरातला मोठा माणूस देवापुढे उभा राहून एकेकासाठी मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली मंडळी एका सुरात साथ देतात. राजेशकाकांची बदली, माझं लग्न, आईचे गुडघे, सगळं झालं. मग बाबा म्हणाले, “आणि ह्या माझ्या झिलाच्या डोक्यात जां काय इलां हा, तां काढून टाक, त्याका मार्गाक लाव, येत्या वर्साक त्याचो संसार उभो कर, रे म्हाराजा!” आणि सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा!

तूही म्हणालास. तुला मालवणी कुठून कळणार? सगळे म्हणतात म्हणून पाहुण्याने म्हणायचं, तसं म्हणालास. वर आठवण म्हणून व्हिडिओही काढलास. त्यात तुझाच आवाज सगळ्यात मोठा आहे. तो गेल्यानंतर सांताक्रूझ स्टेशनबाहेर चहा पिताना तू मला अर्थ विचारलास आणि मी खरं ते सांगितलं, की माझ्या मुलाच्या डोक्यात जे आलंय ते काढून टाक, वर्षभरात त्याचं लग्न लागू दे, असं मागणं होतं ते. तेव्हापासून तो व्हिडिओ तू पुन्हा पुन्हा ऐकत असशील. अरे, तो डिलीट कर रे. मला मालवणी कळते, मी कळून म्हटलं. तुझ्या आधी तिथे आमचं सगळं गणगोत उभं होतं आणि त्यातल्या एकालाही मान नाही म्हणून हलवता आली नाही. आणि त्या वेळी सौरभने तुझ्याकडे बघून ओठ दाबून हसू आवरलं होतं. तुला दिसलं नसेल, तू मोबाईलमध्ये बघत होतास. मी पाहिलं. पोरगा पाहुण्यासारखा सगळ्याला हो म्हणतोय, याची त्याला गंमत वाटली होती. तुझा राग त्याला आला नव्हता.

आणि एका गाऱ्हाण्याने कुणी जात नाही, मिथुन. शाळेत त्याला काय नावाने हाक मारायचे ते मला माहीत आहे, कारण तीच शाळा माझी. पुढे राजेशकाकांनी कुणीतरी डॉक्टर शोधून काढला, रक्त तपासून हे बरं करतो म्हणणारा. सौरभ स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, तो बिचारा रिपोर्ट हातात घेऊन म्हणाला, सगळं नॉर्मल आहे, आता तरी सोडा. सोडलं नाही. मग मुलींचे फोटो सुरू झाले. लॅबमध्ये त्याच्या चालण्याची नक्कल व्हायची. तुझं नाव घरात कळलं तेव्हा आमची काकू म्हणाली, वर तो आपल्यातलाही नाही. हे सगळं त्याने वर्षानुवर्षं एकट्याने ओढलं. दमला तो. आम्ही त्याला बसायला जागा दिली नाही, तुझ्याजवळ मात्र तो बसत होता. शेवटच्या वर्षात तो जितका हसला, तितका तुझ्यामुळे हसला.

तुझं दुःख तर कुणी दुःख म्हणूनही धरलं नाही. स्मशानात तू मित्रांच्या घोळक्यात मागे उभा होतास. चष्म्याच्या दुकानात रजा मागताना कोण गेलं म्हणून विचारलं, तर तुला चुलतभाऊ सांगावं लागलं. चुलतभावाची एक दिवसाची रजा मिळाली आणि दुसऱ्या दिवशी तू लोकांच्या काचा बसवत होतास. बायको गेली असती तर शेजारपाजार जेवण घेऊन आला असता. माझ्यापाशी निदान बहीण हा शब्द तरी आहे.

यंदा गणपती आणायचा की नाही यावर राजेशकाकांनी बरीच चर्चा केली. शेवटी आणला. गाऱ्हाण्याची वेळ आली, बाबा पुढे झाले, हात जोडले. देवांची नावं घेतली आणि थांबले. आम्ही सगळे उभे. त्यांना काही मागताच येईना. काका हळूच म्हणाले, घाल रे, मंडळी थांबलीत. बाबा म्हणाले, मागच्या वर्षी मागितलं ते त्याने ऐकलं, आता कसलं मागू? आणि खाली बसले. कुणी साथ दिली नाही, कुणी आरतीचं ताट उचललं नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी विचारलं, तो दुसरा कसा आहे? तुझं नाव त्यांच्या तोंडून येईना, पण विचारलं. मी म्हटलं, बघून सांगते.

म्हणून मी आले, मिथुन. आणि खरं सांगायचं तर फक्त त्यासाठी नाही. काल तुझा मेसेज आला, ताई, तुझे डबे आणि सौरभचा स्वेटर शेजारच्या शुभामावशींकडे ठेवलाय, घेऊन जा. जायच्या आधीच्या आठवड्यात सौरभनेही सगळ्यांच्या वस्तू अशाच परत केल्या होत्या, आणि मी म्हटलं होतं, पोरगं शहाणं झालं. आज दुपारी वाकोल्याला चाळीतल्या तुझ्या खोलीवर आले. तू आतून म्हणालास, जा ना ताई. चाळीतली दारं उघडायला लागली, तुझं नाव मोठ्याने घेऊन बोलवेना, म्हणून शुभामावशींकडून कागद घेतले आणि उंबऱ्याशी बसून लिहायला लागले. जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या, हे मी तुला सरळ विचारते आहे. असेल तर तेही मला सांग, मी घाबरणार नाही, ओरडणार नाही. माधुरीताई म्हणून समुपदेशक आहेत, मी स्वतः त्यांच्याकडे जाते, त्या आज संध्याकाळी आपल्याला भेटायला तयार आहेत. रात्री तू बोरिवलीला माझ्या भाड्याच्या खोलीवर राहायचंस, किती दिवस ते नंतर बघू. एकेक पान लिहून झालं की मी दाराखालून सरकवते आहे आणि प्रत्येक वेळी तू ते आत ओढून घेतो आहेस. हे शेवटचं पान. ते घ्यायला वाकलास की मग कडी काढ.

तुझीच,
जान्हवीताई